पाखरांचे प्रसाधन

परदेशांत आणि आता आपल्याकडील मोठ्या शहरांतही पाळीव पक्ष्यांची नखे कापून देणारी, चोच कानशीने घासून देणारी, पंख छाटणारी आणि पाखरास फवाऱ्याखाली न्हाऊ घालून मालकाच्या स्वाधीन करणारी माणसे निघाली आहेत व त्याबद्दल ती रीतसर पैसे घेतात, असे प्रथम आमच्या कानी आले तेव्हा आम्हांस हसू आवरले नाही. आमच्या उज्जयिनीत रविवारी सकाळी माणसांस न्हाव्याच्या दुकानी तासभर ताटकळत बसावे लागते. तेथे पोपटाची हजामत करावयास कोण मोकळा बसला आहे, असा विचार मनात आला. परंतु गेल्या वर्षी नववीतील एका विद्यार्थ्याने मधल्या सुटीत आमच्याकडे येऊन जो प्रश्न विचारला त्याने ते हसू मावळले.

तो म्हणाला, "सर, आमच्या मिठूची नखे फार वाढली आहेत. इंदूरचे एक जण घरी येऊन नखे आणि पंख दोन्ही कापून देतात. आई म्हणते, बोलवू या. आजी म्हणते, मुळीच नको. तुमचे काय मत आहे?"

प्रश्न साधा होता. तथापि त्याचे उत्तर देण्यास आम्हांस कित्येक दिवस लागले, आणि ते अखेर आम्ही कसे दिले हे पुढे येईलच. तूर्त एवढेच सांगतो की या विषयावर लिहिण्याचा अधिकार आम्हांस एका जुन्या अपराधाने प्राप्त झाला आहे.

पाखरे बाळगण्याचा शोक आमच्या या नगरीस नवा नव्हे. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' घडते ते उज्जयिनीतच. त्यातील विदूषक मैत्रेय वसंतसेनेच्या वाड्यात एकामागून एक चौक ओलांडीत जातो आणि सातव्या चौकात पोहोचतो तो पाखरांच्या गलबल्यात. तेथे पारव्यांची जोडपी आहेत, पिंजऱ्यातला बोलका पोपट आहे, टुरटुर बोलणारी मैना आहे, कोकिळा आहे, झुंजीचे लावे आहेत, नाचरा मोरही आहे. धनिकाचे घर कसे ओळखावे, तर त्याच्या पिंजऱ्यांवरून, असा तो काळ होता. पोपट-मैनेस बोलावयास शिकवणे ही तर वात्स्यायनाने चौसष्ट कलांत गणलेली कला. कालिदासाच्या मेघासही उज्जयिनीतील रात्र घालवावयाची आहे ती पारवे झोपी गेले आहेत अशा एखाद्या घराच्या माथ्यावर. त्या पारव्यांस कोणी पिंजऱ्यात घातले नव्हते, ही गोष्ट मात्र आम्हांस नेहमी बरी वाटत आली आहे.

याच परंपरेची दुसरी बाजू बाणभट्टाने सातव्या शतकात सांगून ठेवली. ज्या ग्रंथाच्या नावावरून आपण मराठीत दीर्घ कथेस 'कादंबरी' म्हणू लागलो त्याचा निवेदक एक पोपट आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असते. कथेचा मोठा भाग उज्जयिनीत घडतो. परंतु तिचा आरंभ होतो विदिशेच्या राजसभेत, जेथे वैशंपायन नावाचा हा पोपट पिंजऱ्यातून आणला जातो. राजाने विचारल्यावर तो आपली हकीकत सांगतो. विंध्याटवीतील एका प्रचंड सावरीच्या झाडावर त्याचा जन्म झाला; एके दिवशी एक म्हातारा शबर त्या झाडावर चढला आणि ढोल्यांत हात घालून त्याने पिल्ले बाहेर काढली, मारली, खाली टाकली. पित्याच्या पंखाखाली दडलेले हे एक पिल्लू पाचोळ्यावर पडले म्हणून वाचले. त्यास पंख फुटले नव्हते. तहानेने व्याकूळ होऊन ते पाण्याच्या दिशेने सरपटत निघते, पडते, पुन्हा उठते. तो भाग वाचताना आमचा कंठ आजही दाटून येतो. शबराने ते पोटासाठी केले. आज ढोलीत हात घालणारा विकण्यासाठी घालतो. आपल्याकडे जानेवारीपासून एप्रिलपर्यंत राघू झाडांच्या ढोल्यांत अंडी घालतात, आणि नेमकी त्याच सुमारास पिसेही न फुटलेली पिल्ले टोपल्यांतून बाजाराची वाट धरतात.

आता आमचा अपराध.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. क्षिप्रेच्या काठी कार्तिकाची जत्रा भरली होती आणि आम्ही आजीचे बोट धरून तेथे गेलो होतो. एका टोपलीत पोपट होते. त्यांतील एकाच्या खांद्यांवर लालभडक डाग होते. विकणारा म्हणाला, "माँजी, पहाड़ी है, खूब बोलेगा. पर काट दिए हैं, कहीं नहीं जाएगा." पहाडी पोपट आकाराने मोठा, चांगला बोलतो आणि महागही, त्याच्या खांद्यावर तांबडा पट्टा असतो हे आजीस माहीत होते. तिने घासाघीस करून तो घेतला. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यास पितळी परातीत पाणी ठेवले, तेव्हा तो आनंदाने त्यात शिरला, डोके बुचकळले, पंख फडफडवले, आणि परातीतले पाणी हळूहळू गुलाबी झाले. खांद्यांवरचे पहाडीपण वाहून गेले. उरला तो आपल्या पिंपळावरचा साधा राघू. घरात हशा पिकला. आजी मात्र हसली नाही, ती एवढेच म्हणाली, "बिचाऱ्याला रंगवून विकलं." व्यावसायिक प्रसाधनाचा आम्ही पाहिलेला हा पहिला नमुना.

दुसरा नमुना आम्हीच केला. पुढल्या पावसाळ्यात राघूची जुनी पिसे झडली आणि नवी फुटू लागली. काकांनी म्हटले, आता हा उडून जाईल. त्यांनी आईच्या शिवणकामाची कात्री घेतली, आणि आम्ही, वय वर्षे नऊ, मोठ्या अभिमानाने त्याचा पंख ताणून धरला. नव्या पिसांचे निळसर कोंब जाड दिसत होते. कात्री चालली तशी एका कोंबातून रक्ताची धार लागली. आजीने हळद दाबली. रक्त थांबल्यासारखे वाटले म्हणून राघूस पिंजऱ्यात ठेवले. रात्रभर तो अंधारात फडफडत होता असे आई पुढे सांगत असे. सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी अंथरलेला कागद भिजला होता. दुसऱ्या दिवशी तो गेला.

काका वाईट नव्हते. त्यांस ठाऊक नव्हते, आम्हांसही नव्हते. म्हणून जे आम्हांस तेव्हा कोणी सांगितले नाही ते येथे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

पूर्ण वाढलेले पीस हे आपल्या केसांसारखे किंवा नखांसारखे निर्जीव असते. ते कापले तर पाखरास वेदना होत नाही. परंतु वाढणारे पीस जिवंत असते. त्याच्या देठात रक्त खेळत असते, आणि तो देठ तुटला तर नळ उघडा राहावा तसे रक्त वाहू लागते. पाखराचे शरीर केवढे, त्यात रक्त ते किती! दुसरी गोष्ट याहून कमी लोकांच्या ध्यानी येते. कापलेले पीस पुन्हा वाढत नाही. त्याचे खुंट तसेच राहते आणि ते गळून पडल्यावरच त्या जागी नवे येते. ही गळ सामान्यतः वर्षातून एकदा होते. नवे पीस येते तेव्हा दोन्ही बाजूंची जुनी पिसे त्यास आधार देतात, एखाद्या कोवळ्या रोपास कुंपण असावे तसे. शेजारची पिसे छाटलेली असली म्हणजे हा कोवळा कोंब उघडा पडतो, पिंजऱ्याच्या गजावर आपटतो आणि मोडतो. म्हणजे कात्री चालवणाऱ्याचा हात कितीही सफाईदार असला तरी खरा धोका तो निघून गेल्यावर काही महिन्यांनी सुरू होतो, आणि तेव्हा तो तेथे नसतो.

आणि पीस म्हणजे काय वस्तू आहे! मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंस बारीक फांद्या, त्या फांद्यांस त्याहून बारीक उपफांद्या, आणि त्यांस डोळ्यांस न दिसणारे आकडे. हे आकडे एकमेकांत अडकतात म्हणून पीस एकसंध राहते आणि हवा त्यातून निसटत नाही. आकडे सुटले की पाखरू चोचीत पीस धरून मुळापासून टोकापर्यंत ओढते आणि ते पुन्हा जुळतात. कावळा पावसानंतर तारेवर बसून तासभर काय करीत असतो ते विद्यार्थ्यांनी एकदा नीट पाहावे. पुष्कळ पक्ष्यांच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते. तिचे तेल चोचीने घेऊन ते अंगभर लावतात. काकाकुवा आणि कॉकाटील यांच्या अंगावर तर अशी पिसे असतात की ज्यांचा आपोआप भुगा होतो आणि तीच त्यांची पावडर. डोक्यावरची पिसे मात्र स्वतःच्या चोचीस पोहोचत नाहीत. ती दुसऱ्या पाखराने विंचरावी लागतात, आणि म्हणूनच एकट्या पिंजऱ्यातला पोपट माणसापुढे मान वाकवून उभा राहतो. त्यास आपण लाड म्हणतो. वस्तुतः तो आपल्यास दुसरा पोपट समजून साधी सेवा मागत असतो.

तेव्हा पाखरास न्हाऊ घालणारा धंदेवाईक माणूस हवा का, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे की उथळ ताटलीत स्वच्छ पाणी ठेवावे आणि बाजूस व्हावे. माळव्याच्या वैशाखात तर ते दिवसातून दोनदा बदलावे. साबण नको, अत्तर नको, आणि पिसे चमकावीत म्हणून खोबरेल चोळण्याची जी रीत काही घरांत आहे ती तर मुळीच नको. तेलाने आकडे चिकटतात आणि पाखराचे अंग ऊब धरीनासे होते.

नखे आणि चोच यांची गोष्ट थोडी निराळी आहे. येथे आम्ही त्या विद्यार्थ्याच्या आईच्या बाजूचे आहोत. रानातला पोपट खरबरीत सालींवर, लहानमोठ्या फांद्यांवर बसतो, लाकूड पोखरतो, कवचे फोडतो. त्याची नखे आणि चोच आपोआप झिजतात. पिंजऱ्यात एकाच जाडीचा गुळगुळीत दांडा असतो आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची व पेरूची फोड तोंडापुढे येते. मग नखे वाढून गजांत अडकतात, कधी कधी पायच मोडतो. अशी नखे कापावी लागतात. परंतु नखाच्या आत बऱ्याच अंतरापर्यंत रक्तवाहिनी असते, आणि काळ्या नखात ती दिसत नाही. शिवाय पाखरास धरायचे कसे, हे ज्यास कळत नाही त्याने त्यास हात लावू नये. पक्ष्यास आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढे-मागे हलवूनच तो श्वास घेतो. त्याची छाती मुठीत घट्ट आवळली तर नाक-तोंड उघडे असूनही तो गुदमरून मरतो. हे आम्ही भीती घालण्यासाठी सांगत नाही. मुले प्रेमानेच घट्ट धरतात.

चोच वेडीवाकडी वाढू लागली तर ती कानशीने घासून सुंदर करून देणारा माणूस फार तर महिनाभर समाधान देतो. ऑस्ट्रेलियातून आलेल्या आणि आपल्या बाजारात चुकीने 'लव्हबर्ड' म्हणून विकल्या जाणाऱ्या लहान बजरीगारांत चोच वाढणे हे पुष्कळदा यकृताच्या विकाराचे किंवा चोचीभोवती घर करणाऱ्या सूक्ष्म किड्यांचे लक्षण असते. ते ओळखणे पशुवैद्याचे काम आहे. महू येथे १९५५ पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे आणि ते आपल्यापासून फार दूर नाही. पाखरासाठी तेवढा प्रवास कोण करणार, असे ज्यास वाटेल त्याने पाखरू बाळगावे किंवा कसे, याचा विचार आधी करावा. तोवर एवढे करता येते की पिंजऱ्यात पेरूच्या व कडुनिंबाच्या निरनिराळ्या जाडीच्या सालासकट फांद्या बसवाव्या आणि समुद्रफेसाचा तुकडा टांगावा. बाजारात दांड्यास गुंडाळण्याचा खरकागद मिळतो. त्याने नखे झिजण्याऐवजी तळवे सोलतात.

पंख छाटण्याच्या समर्थकांची बाजू आम्ही टाळणार नाही. ते म्हणतात, घरात छताचा पंखा फिरत असतो, खिडकीच्या काचा असतात, चुलीवर उकळते पातेले असते, उघड्या दारातून पाखरू निसटले की मांजराच्या तोंडी जाते. हे सर्व खरे आहे. आमच्या परिचयाच्या एका घरी कॉकाटील पंख्यात सापडून मेले आणि त्या घरातील मुलीने आठवडाभर धड जेवण घेतले नाही. परंतु छाटलेले पाखरू मांजरापासून अधिक सुरक्षित कसे, हे आम्हांस कोणी पटवून दिलेले नाही. एकाच बाजूचा पंख छाटला तर ते गिरकी घेऊन छातीवर आपटते. दोन्ही छाटले तर दगडासारखे खाली येते. उडणे बंद झाले की छातीचे स्नायू झिजतात, अंग सुटते, आणि कंटाळलेले पोपट पुढे स्वतःचीच पिसे उपटू लागतात. पंखा तासभर बंद ठेवून व दार लावून पाखरास खोलीत उडू देणे, यात घरच्यांची थोडी गैरसोय आहे खरी. ती गैरसोय टाळण्याचे नाव प्रसाधन ठेवले म्हणून ते प्रसाधन होत नाही.

एवढे सांगून आम्ही थांबलो असतो तर सोपे होते. परंतु त्या विद्यार्थ्याचा मिठू बजरीगार नव्हता. तो गळ्याभोवती गुलाबी-काळे कडे असलेला आपला देशी राघू होता. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि १९९१ पासून देशी रानपाखरांचा व्यापार बंद आहे. देशी पोपट पकडणे, विकणे आणि घरी बाळगणे हा गुन्हा आहे. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१५ साली असेही म्हटले की आकाशात उडण्याचा पक्ष्यांस हक्क आहे. मकाव, आफ्रिकेतील राखी पोपट यांसारख्या परदेशी जाती ज्यांच्याजवळ आहेत त्यांस २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारकडे नोंद करावी लागते. बजरीगार, कॉकाटील यांची गोष्ट वेगळी. ते पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले आहेत. त्यांस दया म्हणून बाहेर सोडणे म्हणजे कावळ्यांस जेवण घालणे होय, आणि त्यांस नीट सांभाळणे हेच त्यांच्या मालकाचे काम आहे. राघूचे तसे नाही. त्याचे गणगोत रोज संध्याकाळी कोठी मार्गावरच्या झाडांवर जमते.

आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. ओसरीत पिंजरा होता. मिठूने आमच्याकडे पाहून खोकल्याचा आवाज काढला आणि म्हाताऱ्या पुरुषाच्या स्वरात म्हणाला, "अहो, चहा आणा." आजीबाईंनी पदराने डोळे टिपले. त्यांचे यजमान जाऊन सहा वर्षे झाली होती. मिठू त्यांनीच आणला होता, आणि घरात त्यांचा आवाज आता तेवढाच उरला होता. आजीबाई म्हणाल्या, "सर, पंख कापायला मी म्हणूनच नको म्हणते. ह्यांनी कधी कापू दिले नाहीत. ह्याला काही झालं तर?"

नखांचे उत्तर आमच्याजवळ होते. कायद्याचेही होते. या वाक्यास उत्तर नव्हते. आम्ही चहा घेतला, आणि आमच्या राघूची, आईच्या कात्रीची आणि भिजलेल्या कागदाची गोष्ट त्यांस सांगितली. ती आम्ही त्यापूर्वी कोणास सांगितली नव्हती. मग वन विभागाचे लोक अशी पाखरे ताब्यात घेतात, आणि इतकी वर्षे माणसांत राहिलेला पोपट एकदम सोडून देणे योग्य नसते, हेही सांगितले. मुलाच्या आईने विचारले, "आणि दिला नाही तर?" आम्ही म्हणालो, "तर तुमच्या मुलास पुढल्या वर्षी मी नागरिकशास्त्र शिकवणार आहे." सर्व हसले, आजीबाई सोडून.

दोन महिने काही घडले नाही. आम्हीही पुन्हा विचारले नाही. या अवधीत त्या मुलाने पिंजऱ्यात पेरूच्या फांद्या बांधल्या, इंदूरच्या माणसास नको म्हणून कळवले आणि मिठूचे बोलणे मोबाइलवर मुद्रित करून ठेवले. अक्षय्य तृतीयेनंतर एका सकाळी तो आणि त्याचे वडील पिंजरा घेऊन वन विभागाच्या कार्यालयात गेले. आजीबाई बरोबर होत्या. ऊन लागू नये म्हणून त्यांनी पिंजऱ्यावर आपले जुने सुती लुगडे टाकले होते. तेथील कर्मचाऱ्याने कागद लिहून घेतला आणि पिंजरा उचलला, तेव्हा त्यांनी त्यास एवढेच विचारले, "पर तो नहीं काटोगे ना, बेटा?"

"नहीं माँजी," तो म्हणाला, आणि लुगडे घडी करून त्यांच्या हाती दिले.